शेणखत घालूनही सेंद्रिय कर्ब का वाढत नाही?

प्रश्न : आमची दोन एकर जमीन घरातील चौघे मिळून कसतो. दरवर्षी एकरी दोन टन शेणखत घालूनही माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या अवशेषांतून मातीत राहणारा कार्बन) ०.३८ टक्क्यांच्या पुढे जात नाही आणि पाऊस उघडला की जमिनीवर पापुद्रा धरतो. आमचे काय चुकते?

उत्तर : आपले खत वाया जात नाही, पण हिशेब समजून घ्यावा लागेल. एकरातील वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे ९ लाख किलो माती असते. तिचा कर्ब ०.१ टक्क्याने वाढायचा, तर सुमारे ९०० किलो कर्ब त्या थरात टिकून राहावा लागतो. दोन टन शेणखतात निम्म्याच्या आसपास पाणीच असते आणि उरलेल्या भागातील थोड्याशा कर्बापैकीही बराचसा सूक्ष्मजीव वापरून हवेत सोडतात. म्हणून आणखी खत विकत घेण्याआधी शेतातून बाहेर काय जाते, ते पाहावे. धसकटे आणि काडीकचरा पेटवत असाल, तर ते आधी थांबवा; त्यातील कर्ब आणि बहुतेक नत्र (नायट्रोजन) धुराबरोबर निघून जातो.

एक चाचणी घरीच करता येईल. शेतातील एक आणि न नांगरलेल्या, गवताळ बांधावरील एक, अशी सुपारीएवढी वाळलेली ढेकळे दोन पेल्यांतील पाण्यात अलगद सोडा. शेतातले ढेकूळ काही मिनिटांत विरघळून गाळ होईल, तर बांधावरचे बहुधा आकार धरून राहील. मूळ माती एकच. फरक मुळांचा आणि मशागतीचा. अशी विरघळणारी मातीच पुढे पापुद्रा धरते. जमीन पिठासारखी होईपर्यंत रोटाव्हेटर फिरवण्याची सवय आम्हीही पूर्वी फारशी गैर मानली नाही, हे कबूल करायला हवे. यापुढे वाफसा असतानाच, म्हणजे जमीन फार ओली वा कोरडी नसताना, गरजेपुरत्या आणि उताराला आडव्या कुळवाच्या पाळ्या द्याव्यात.

काडीकचरा बारीक करून शक्यतो आच्छादन म्हणून पसरावा. तृणधान्याचे काड मातीत गाडल्यास ते कुजवताना जीवाणू जमिनीतील नत्र काही काळ स्वतःकडे ओढतात आणि पुढचे पीक पिवळे पडते. अशा वेळी थोडे नत्र द्यावे किंवा पेरणीपूर्वी काही आठवडे जाऊ द्यावेत. द्विदल (कडधान्यासारख्या) पिकाचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीला होणारा लाभ, फेरपालटात असावाच. शेणखत पूर्ण कुजलेले वापरावे, अन्यथा हुमणीला (मुळे खाणाऱ्या अळीला) आयतेच घर मिळते.

माती परीक्षण तीन वर्षांनी, त्याच हंगामात, त्याच खोलीवरून नमुना घेऊन करावे. वर्षभरातला फरक इतका थोडा असतो की तो नमुना घेण्याच्या चुकीतच झाकला जातो.