यादीत नाव, हातात डोंगल : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये मतदार यादी आणि महिला सरपंचांचा कारभार, हे दोन विषय पुन्हा पुन्हा आले आहेत. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

लग्नाला दोन वर्षं झाली, पण मतदार यादीत नाव अजून माहेरीच आहे. वडील म्हणतात, राहू दे तिथेच, मतदानाला येत जा. इथे सासरी चौकशी केली तर नमुना ६ भरा म्हणाले. भरू का?
*– एक वाचक, जि. सातारा*

नमुना ६ भरू नका. तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी असतो. तुम्ही तो भरलात तर नाव दोन ठिकाणी येईल. शिवाय त्याच अर्जात आपले नाव दुसऱ्या कुठल्या यादीत नाही, असे लिहून द्यावे लागते. खोटे लिहून दिले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तुमच्यासाठी नमुना ८ आहे. ऑगस्ट २०२२ पासून पत्ता बदल, नोंदीतली दुरुस्ती, हरवलेल्या ओळखपत्राची प्रत आणि दिव्यांग नोंद ही चारही कामे याच नमुन्यावर होतात. अर्ज सासरच्या गावच्या बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी), तहसील कार्यालयात किंवा ऑनलाइन द्या. ओळखपत्रावरचा जुना क्रमांक त्यात न चुकता लिहा. त्या क्रमांकावरूनच माहेरचे नाव कमी होते.

एका अर्जात चारपैकी एकाच कामावर खूण करता येते. म्हणून आधी पत्ता बदलून घ्या आणि नंतर दुसऱ्या अर्जाने नाव बदला. लग्नात पहिले नावही बदललेले असते, मधले नाव वडिलांऐवजी नवऱ्याचे होते, आणि आधारवर एक, ओळखपत्रावर दुसरे असा घोळ होतो. तो निस्तरण्यासाठी पत्त्याचे काम थांबवू नका.

घर, वीजमीटर, सातबारा यातले काहीच तुमच्या नावावर नसेल, तरी अडत नाही. नवऱ्याचे नाव त्याच पत्त्यावर यादीत असेल, तर त्याच्या नावचे वीजबिल चालते. अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने. बीएलओ पडताळणीला दुपारी येतो, तुम्ही रानात असता, आणि शेरा पडतो, 'आढळ झाला नाही'. बीएलओचा नंबर मिळवून त्याला वेळ विचारा. नंबर नसेल तर १९५० वर फोन करा, आणि अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा.

वेळेचाही हिशोब ठेवा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि पालिका यांच्यासाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी घेतो आणि ती गण, गट, प्रभागांप्रमाणे फोडतो. त्यासाठी कुठल्या तारखेची यादी धरायची हे आधी जाहीर होते. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांसाठी ती तारीख १ जुलै होती. प्रारूप यादीवर हरकत घेऊन चुकीचा प्रभाग किंवा लेखनिकाची चूक दुरुस्त करून घेता येते, पण विधानसभेच्या यादीत नसलेले नाव त्या टप्प्यावर घालता येत नाही. निवडणूक लागल्यावर तहसीलला जाणाऱ्या बहुतेकांना हेच ऐकून परतावे लागते.

वडिलांना एक सांगा. मतदार यादीतले नाव हलवले म्हणून माहेरच्या जमिनीतला वाटा जात नाही. तो वारसा कायद्याने मिळतो, मतदार यादीने नाही. ही भीती बऱ्याच घरांत असते, आणि भावाला ती सोयीची असते.

आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने घर बंद असतं. परत आलो तर आम्हा चार बायकांची नावं यादीतून कमी झालेली. कुणीतरी अर्ज दिला म्हणतात. असं करता येतं का?
*– बचत गटाच्या सदस्या, जि. बीड*

अर्ज देता येतो, पण नुसत्या अर्जावर नाव काढता येत नाही. नाव वगळण्याच्या अर्जाला नमुना ७ म्हणतात. मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद अशी ठरलेली कारणे त्यात असतात आणि अर्जदाराला स्वतःचे नाव व मतदार क्रमांक लिहावा लागतो. स्थलांतराचे कारण दिले असेल, तर नाव काढण्यापूर्वी तुम्हाला म्हणणे मांडायची संधी देणे लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम २२ ने बंधनकारक आहे.

तुमची बाजू भक्कम आहे. याच कायद्याचे कलम २० सांगते की तात्पुरते बाहेर गेल्याने माणूस त्या गावचा रहिवासी राहत नाही, असे होत नाही. कोयता घेऊन कारखान्यावर जाणे हे तात्पुरतेच जाणे आहे. अर्जात हे वाक्य कलमासकट लिहा आणि रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, मुलांच्या शाळेचा दाखला जोडा.

आधी मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करा : वगळण्याचा आदेश, मूळ नमुना ७ आणि नोटीस बजावल्याची नोंद, तिन्हींच्या प्रती. बहुतेक गोष्टी इथेच उघड्या पडतात. नोटीस बंद दाराला चिकटवलेली असते किंवा शेजाऱ्याने सही करून ती घेतलेली असते. आदेशापासून १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. तिथे दाद लागली नाही, तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील. मुदत टळून गेली असेल तर नमुना ६ भरून नव्याने नाव घाला. इथे तो बरोबर आहे, कारण आता तुमचे नाव कुठेच नाही. नमुना ७ मध्ये जाणूनबुजून खोटे लिहिणाऱ्यालाही वर सांगितलेली वर्षभराची शिक्षा लागू होते, ही गोष्ट गावात मोठ्याने सांगितलेली बरी.

आणि दसऱ्यानंतर टोळ्या निघण्याआधी गटाच्या बैठकीत यादी वाचून घ्या. तासाभराचे काम आहे.

गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला आम्ही सह्या गोळा करतोय. 'आडवी बाटली'साठी किती मतं लागतात?
*– महिला मंडळ, जि. अहिल्यानगर*

राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे दोन टप्पे आहेत. आधी गावातल्या महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्क्यांनी सह्यांचे निवेदन द्यायचे. सह्यांची पडताळणी झाली की गुप्त मतदान. त्यात उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आडव्या बाटलीला ५० टक्क्यांहून जास्त मते लागतात, आणि ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या ५० टक्क्यांहून जास्त.

समजा, महिला मतदारांचाच हिशोब धरला आणि यादीत १,२४० महिला आहेत. निवेदनाला ३१० सह्या लागतील आणि जिंकायला ६२१ मते. आता त्या यादीत ९० नावे वारलेल्या आणि लग्न होऊन गेलेल्या बायकांची असतील, तर प्रत्यक्षात गावात ११५०च आहेत आणि त्यांच्यातून ६२१, म्हणजे शंभरातल्या ५४ बायका मतदानाला आणाव्या लागतील. जी आली नाही, ती उभ्या बाटलीच्या बाजूने गेल्यासारखीच. दुकानदाराला प्रचार करावाच लागत नाही. बायका घरी राहिल्या तरी त्याचे काम होते.

म्हणून सह्यांच्या आधी यादी हातात घ्या. मयतांसाठी घरच्यांनीच मृत्यूच्या दाखल्यासह नमुना ७ द्यावा, आणि सासरी गेलेल्या मुलींना नमुना ८ भरायला सांगावे. त्यांच्या नावाने परस्पर नमुना ७ देऊ नका, नाहीतर वरच्या बीडच्या पत्रातला अन्याय तुमच्याच हातून होईल. निवेदनात प्रत्येक सहीसमोर यादीतला भाग व अनुक्रमांक लिहा. पडताळणीत अर्ज पडतात ते एकाच हस्ताक्षरातल्या सह्या आणि यादीशी न जुळणारी नावे यांमुळे. ३१० लागत असतील तर चारशे गोळा करा.

हे मतदान परवान्याच्या दुकानापुरतेच असते. हातभट्टी मुळातच बेकायदा आहे. तिच्यासाठी मत कशाला, पोलिसांत आणि उत्पादन शुल्क खात्याकडे तक्रार करायची.

मी थेट निवडून आलेली सरपंच आहे. कामं माहीत आहेत, पण पैसे कधी निघाले ते मला नंतर कळतं. मालकच सगळं बघतात.
*– एक सरपंच, मराठवाडा*

पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा चेकने निघत नाही. ई-ग्रामस्वराज या सरकारी संगणक प्रणालीवर ग्रामसेवकाने (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) देयक तयार करायचे आणि तुम्ही तुमच्या डिजिटल सहीने मंजूर करायचे, अशी ती पद्धत आहे. ती सही पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते. आज तो कोणाच्या खिशात आहे, पिन कोणाला माहीत आहे आणि नोंदणीला मोबाइल क्रमांक कोणाचा दिला आहे, ही तीन उत्तरे शोधा. बहुतेक ठिकाणी डोंगल संगणक परिचालकाच्या टेबलात असतो आणि मोबाइल नवऱ्याचा. म्हणजे तुम्ही घरी भाकऱ्या थापत असताना तुमची सही होऊन जाते.

डोंगल लेखी पोच घेऊन ताब्यात घ्या, पिन बदला, स्वतःचा क्रमांक नोंदवायला अर्ज द्या. त्यानंतर देयक मंजूर करताना तीन कागद समोर मागा : मासिक सभेचा ठराव, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि बिल. यातला एक नसेल तर सही नाही. इतिवृत्त वाचून मगच सही करा, आणि दोन ठरावांच्या मध्ये कोरी जागा दिसली तर आडवी रेघ मारा. नंतर घुसवलेले ठराव तिथेच सापडतात.

मासिक सभेत नवऱ्याला, दिराला, सासऱ्याला कायद्याने जागा नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली गैरवर्तनाची चौकशी लागते तेव्हा जबाब तुमचा घेतात, त्यांचा नाही. घरात बोलताना हा मुद्दा पुढे करा. अधिकाराच्या भाषेपेक्षा तो लवकर पटतो. महिलांच्या नावाने पुरुषांनी चालवलेल्या कारभारावर केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने २०२३ मध्ये नेमलेल्या समितीने कडक दंडाची शिफारस केली आहे.

काम हातात घेतलेत की विरोध सुरू होईल, आणि तो अपात्रतेच्या अर्जाच्या रूपाने येईल. सरकारी जागेवरचे अतिक्रमण हे त्यातले नेहमीचे हत्यार. कुटुंबाचे अतिक्रमणही धरले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचांचे पद सासूच्या घराच्या अशाच आरोपावरून गेले होते. आपण वेगळ्या घरात भाड्याने राहतो, हे त्यांचे म्हणणे खाली कोणी नीट तपासलेच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले, पण ही लढाई दिल्लीपर्यंत न्यावी लागली. तेव्हा ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीचा नमुना ८ चा उतारा (वरचा मतदार अर्ज नव्हे) आणि घराची मोजणी आजच काढून ठेवा. भाड्याने राहत असाल तर करारनामाही फाइलला लावा.

मतदानाच्या आदल्या रात्री बायकांना बेलभंडारा उचलायला लावतात. पैसे घेतलेले नसले तरी शपथ मोडायची भीती वाटते.
*– शिक्षिका, जि. सोलापूर*

देवाच्या कोपाची भीती घालून मत वळवणे हा गैरवाजवी दबाव आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्ये दैवी अवकृपेचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि कलम १७४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होतो. तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या. कोण, कुठे, किती वाजता, एवढे पुरे.

बायकांची खरी भीती मात्र मत कळून येण्याची असते. ती यंत्र दाखवूनच जाते. ग्रामपंचायतीला एकाच वेळी सरपंच आणि प्रभागातले दोन-तीन सदस्य निवडायचे असतात, म्हणून एका बाईला तीन-चार बटणे दाबायची असतात. सरपंचपदाची मतपत्रिका फिक्कट निळी असते. सदस्यांच्या जागांसाठी अनुसूचित जातीची गुलाबी, जमातीची हिरवी, इतर मागास प्रवर्गाची पिवळी आणि सर्वसाधारण जागेची पांढरी. सगळी मते दिल्याशिवाय शेवटचा लांब आवाज येत नाही. एक बटण दाबून बाई बाहेर पडू लागली की अधिकारी हाक मारतो, सगळे वळून बघतात, आणि तिला वाटते आपले काहीतरी चुकले, मत फुटले. पुठ्ठ्यावर हे रंग चिकटवून गटात दोनदा सराव करून घेतलात, तर असे होत नाही.

'हिला वाचता येत नाही, मी दाखवतो' म्हणत कोणी आत शिरत असेल, तर थांबवायला सांगा. सोबती फक्त अंध किंवा शरीराने असमर्थ मतदाराला मिळतो. निरक्षरता त्यात बसत नाही. चिन्हे त्यासाठीच आहेत.