पात्मोसला पहिल्यांदाच जाताय?

छान बेत! पात्मोस म्हणजे ग्रीसमधलं बेट, आपल्या मराठी बायबलातलं ‘पात्म’. तिथे विमानतळ नाही, हे आधी लक्षात घ्या. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून फेरीबोटीला साधारण आठ तास लागतात, आणि वारा सुटला तर बोट रद्दही होते. त्यामुळे परतीचं विमान त्याच दिवशीचं काढू नका. नवखे हमखास इथेच फसतात. मीही फसलोय!

मुक्काम निदान दोन रात्री ठेवा. क्रूझच्या गर्दीत योहानाची गुहा (इथेच त्याला बायबलातल्या ‘प्रकटीकरणा’चं दर्शन झालं असं मानतात) धड बघून होत नाही. सकाळी लवकर स्काला बंदरातून चढायला लागा. अर्ध्या वाटेवर गुहा, माथ्यावर १०८८ सालचा मठ. गुहेच्या छतातली तिहेरी भेग शांतपणे बघा.

आणि हो:
- खांदे-गुडघे झाकणारे कपडे
- दुपारी दारं बंद असतात

बाकीची बेटं पुढच्या खेपेला.