शेवट दोनदा करावा लागतो

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांपुढे कंपनी मांडायच्या स्लाइडचा संच, दोनदा नीट पाहिलं. पहिल्या बारा स्लाइड चांगल्या जमल्या आहेत. यंत्राच्या कंपनांवरून बिघाडाची चाहूल आधी कशी लागते, हे यंत्रातलं काही न कळणाऱ्यालाही समजेल असं मांडलं आहेस. तेराव्या स्लाइडवर मात्र एवढंच आहे: ‘धन्यवाद! काही प्रश्न?’ आज फक्त या तेराव्या स्लाइडबद्दल आणि ती पडद्यावर असताना तू काय बोलायचं याबद्दल लिहायचं आहे.

ही स्लाइड किती वेळ समोर राहते, याचा हिशेब कर. नव्या कंपन्यांत गुंतवणूक करणारे लेखक गाय कावासाकी यांचा १०-२०-३० चा नियम तुझ्या कानावर आला असेल: १० स्लाइड, २० मिनिटं आणि ३० पॉइंटपेक्षा लहान अक्षर नाही. त्यात बैठक तासाभराची धरलेली आहे. लोक उशिरा येतात, लॅपटॉप पडद्याला जोडताना वेळ जातो, तो वजा केला तरी उरलेला मोठा भाग प्रश्नोत्तरांचा असतो आणि तेवढा सगळा वेळ तुझी शेवटची स्लाइड डोळ्यांसमोर असते. बाजारपेठेच्या स्लाइडला जेमतेम दीड मिनिट मिळतं, हिला अर्धा तास. एवढ्या मोलाच्या जागेवर नुसते आभार लिहून ठेवू नकोस. आभार तोंडाने मान, ते जास्त चांगले वाटतात.

त्या जागी चार गोष्टी हव्यात. वर एका ओळीत तुम्ही कोणासाठी काय करता ते. त्याखाली तुझे तीन सर्वांत भक्कम आकडे. मग मागणी. आणि तळाशी तुझं नाव, फोन, ईमेल. तीनच आकडे का? चौथा आला की कुठला महत्त्वाचा, हे ठरवायचं काम ऐकणाऱ्यावर पडतं. तुझ्या बाबतीत मी हे निवडेन: सध्या १४ कारखाने, त्यांतले १२ दुसऱ्या वर्षीही टिकलेले, आणि एका कारखान्यात सेन्सर बसवायला लागणारे २ दिवस. बाजारपेठेचा अवाढव्य आकडा इथे नको. तो तुझा नाही, सगळ्यांचाच आहे.

आता मागणी. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं, कारण पैसे मागताना संकोच वाटतो आणि संकोचापोटी माणूस मोघम बोलतो. ‘आम्ही साधारण दीड ते तीन कोटींच्या दरम्यान बघतोय’ असं कुणी म्हटलं की समोरच्याला एकच अर्थ लागतो: याने हिशेब केलेला नाही. आकडा एकच सांग आणि तो कसा आला, हेही तुला सांगता आलं पाहिजे. तुझा महिन्याचा निव्वळ खर्च, म्हणजे येणारे पैसे वजा करून खिशातून जाणारी रक्कम, पुढच्या काळात सरासरी १० लाख धरली आहेस. १८ महिन्यांचे १ कोटी ८० लाख, वर दोन महिन्यांची गंगाजळी २० लाख, मिळून २ कोटी. बारा महिन्यांपुरतेच पैसे मागू नकोस. गुंतवणुकीची पुढची फेरी उभी करायला पाच-सहा महिने सहज जातात, म्हणजे प्रत्यक्ष काम करायला जेमतेम अर्धं वर्ष हातात उरतं आणि तेवढ्यात दाखवण्यासारखं काही घडत नाही.

रकमेला लागूनच ती कुठे जाणार ते सांग. तीन वाटे पुरेत: ४५ टक्के अभियंत्यांवर, ३५ टक्के विक्री आणि बसवणुकीवर, २० टक्के सेन्सरच्या साठ्यासाठी. पण वाटे सांगून थांबलीस तर ती खर्चाची यादी होते. गुंतवणूकदार खर्च विकत घेत नाही, त्या खर्चानंतर कंपनी कुठे पोचलेली असेल ते विकत घेतो. म्हणून मागणीचं वाक्य टप्प्यावर जाऊन थांबलं पाहिजे: १८ महिन्यांत १४ चे ६० कारखाने आणि प्रत्येक नव्या कारखान्याचा बसवणुकीचा खर्च सहा महिन्यांत वसूल.

कंपनीचं मूल्यांकन पहिल्या भेटीत स्लाइडवर छापू नये, असं माझं मत आहे. छापलं की उरलेला वेळ त्याच आकड्यावर घासाघीस होते. मात्र कुणी विचारलंच तर अडखळू नकोस. २ कोटींना कंपनीचा २० टक्के हिस्सा द्यायचा म्हणजे पैसे आल्यानंतरचं मूल्य, पोस्ट-मनी, १० कोटी आणि आधीचं, प्री-मनी, ८ कोटी. घाईत ‘आमचं मूल्य ८ कोटी’ एवढंच बोललीस आणि समोरच्याने ते पोस्ट-मनी समजून घेतलं, तर त्याच्या वहीत २५ टक्के लिहिले जातात. एका शब्दाने पाच टक्के जातात. तेव्हा ‘प्री’ की ‘पोस्ट’, हे दर वेळी उच्चारायचंच.

बोलायचं काय? दहा मिनिटांच्या पिचमध्ये शेवटाला एक मिनिट राखून ठेव, म्हणजे साधारण ११०-१२० शब्द. घड्याळ लावून स्वतःचा वेग मोजून बघ. मांडणी अशी असू दे:

‘सुरुवातीला मी एक बंद पडलेलं यंत्र दाखवलं होतं. त्या यंत्राची कंपनं बंद पडण्याच्या नऊ दिवस आधीच बदलली होती, पण ते पाहणारं कुणी नव्हतं. आज १४ कारखान्यांत ते आम्ही पाहतो. १८ महिन्यांत ते ६० कारखान्यांत पाहायचं आहे. त्यासाठी आम्ही २ कोटी उभे करतो आहोत. आमच्याकडच्या सगळ्या नोंदी खुल्या करून दाखवायला मला तुमचा एक तास हवा आहे. येत्या गुरुवारी किंवा शुक्रवारी. धन्यवाद.’

हे साठच्या आसपास शब्द झाले. उरलेली जागा तुझ्या तीन आकड्यांना आणि श्वासाला. बघ, यात पहिल्या स्लाइडवरचं यंत्र परत आलं आहे. ऐकणाऱ्याला ते आधीच ओळखीचं असतं, म्हणून नवीन काही समजून घेण्याचे कष्ट न पडता त्याचं लक्ष मागणीवर राहतं. शेवटच्या मिनिटात नवी माहिती आणायचीच नाही. ‘अरे हो, एक सांगायचं राहिलं’ म्हणून पेटंटचा विषय निघाला की सगळे प्रश्न पेटंटवर येतात.

आणि मागणीचं शेवटचं टोक पैशाचं नाही, पुढच्या भेटीचं आहे. त्या खोलीत कुणी धनादेश लिहून देत नाही. ‘काही वाटलं तर कळवा’ या वाक्यावर कुणीच काही करत नाही, कारण त्यात करण्यासारखं काही दिलेलंच नसतं. समोर ग्राहक असेल तर हेच टोक वेगळं: ‘दोन यंत्रांवर ३० दिवसांची चाचणी, सोमवारपासून.’ स्पर्धेतल्या परीक्षकांकडे मागण्यासारखं फार नसतं. तिथे टप्प्याच्या वाक्यावर थांबलीस तरी चालेल.

आता एक बारीक गोष्ट, मराठीत पिच करताना हमखास नडणारी. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि दम संपतो तोही तिथेच. ‘साठ कारखान्यांपर्यंत पोचलो आहोत’, ‘पोचणार आहोत’, ‘पोचू शकतो’ ही तीन वाक्यं तिसऱ्या शब्दापासूनच वेगळी होतात. तो शब्द गिळला गेला तर आश्वासन कुठलं आणि झालेलं काम कुठलं, हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. शेवटच्या मिनिटातली वाक्यं आखूड ठेव, प्रत्येक वाक्याआधी श्वास घे आणि क्रियापद पूर्ण ऐकू जाऊ दे. ‘बस, एवढंच’, ‘वेळेअभावी थांबते’, ‘एवढं बोलून माझे दोन शब्द संपवते’ ही शेपटं छाटून टाक. शेवटचा शब्द झाला की मनात तीन अंक मोज. त्या तीन सेकंदांत वायर काढू नकोस, कागद गोळा करू नकोस, निर्णय घेणाऱ्या माणसाकडे पाहत उभी राहा.

इथवर पहिला शेवट झाला. दुसऱ्याची तयारी बहुतेक जण करतच नाहीत.

मरे ग्लँझर आणि अनिता क्युनिट्झ यांनी १९६६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकेक करून शब्दांची यादी द्यायची आणि आठवतील ते शब्द लिहायला सांगायचे. लगेच लिहिलं तर यादीतले शेवटचे शब्द छान आठवत. पण मध्ये ३० सेकंद आकडे मोजायला लावले की शेवटच्या शब्दांचा हा फायदा नाहीसा होई. सुरुवातीच्या शब्दांचा टिकून राही. यादीतले सुटे शब्द आणि तुझं पिच यांत फरक आहे, हे मान्य. पण तुझ्या मागणीनंतर ३० सेकंदांची आकडेमोड होत नाही, पंधरा-वीस मिनिटांची प्रश्नांची सरबत्ती होते. घासून तयार केलेला शेवट त्याखाली दबून जातो आणि बैठक खरी संपते ती कुणाच्या तरी अर्धवट प्रश्नावर. बरेचदा तो प्रश्न ‘मोठ्या कंपनीने हेच केलं तर?’ असा असतो, आणि लोक तीच शंका घेऊन बाहेर पडतात.

म्हणून प्रश्नोत्तरांची दोन मिनिटं उरली की तूच म्हण, ‘अजून एक प्रश्न घेऊ, मग अर्ध्या मिनिटात मी थांबते.’ उत्तर दिल्यावर दोनच वाक्यं: टप्प्याचं एक आणि पुढच्या भेटीचं एक. पहिल्या शेवटातलेच शब्द वापर, नवे शोधू नकोस. ज्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तो समोरच्यासमोर वहीत लिहून घे आणि ‘उद्या दुपारपर्यंत पाठवते’ असं वेळेसकट सांग.

तांत्रिक बाजू थोडक्यात. कॅप टेबल (कंपनीत कुणाचा किती हिस्सा, याचा तक्ता), स्पर्धकांची तुलना, एका कारखान्यामागचा जमाखर्च अशा आठ-दहा पूरक स्लाइड शेवटच्या स्लाइडच्या मागे ठेव. त्यांचे क्रमांक एका चिठ्ठीवर लिही. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना क्रमांक दाबून एंटर केलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं. उत्तर झालं की १३ आणि एंटर, परत मागणीवर. कीबोर्डवरची ‘बी’ दाबली की पडदा काळा होतो, म्हणजे सगळ्यांची नजर तुझ्याकडे. आणि शेवटच्या पूरक स्लाइडवर असताना एक जादा कळ दाबली गेली तर पडदा काळा होऊन वर ‘स्लाइड शो संपला’ अशी बारीक ओळ येते, ती टाळायला मागणीची स्लाइडच सर्वांत शेवटी पुन्हा एकदा चिकटवून ठेव.

ही उडी आणखी एका प्रसंगी वाचवते. आठव्या स्लाइडवर असताना ‘दोनच मिनिटं उरलीत’ असं सांगितलं गेलं की लोक भरभर बोलून सगळ्या स्लाइड पुऱ्या करायला जातात आणि मागणी बुडते. तू वाक्य पुरं कर, १३ आणि एंटर. राहिलेलं कुणी विचारेलच. सराव करताना हेही कर: कुणाला तरी मध्येच, कुठेही थांबवायला सांग आणि तिथून उडी मार. सरावाची सुरुवातसुद्धा शेवटच्या मिनिटापासून कर. रोज पहिल्या स्लाइडपासून सुरू केलं की सुरुवात गुळगुळीत होते आणि शेवट नेहमी थकलेल्या आवाजात, निम्म्याच वेळा होतो. पूर्ण भाषण पाठ करायची गरज नाही, पण शेवटची दोन वाक्यं झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत.

बैठकीनंतर चोवीस तासांच्या आत मेल गेला पाहिजे. पाच-सहा ओळी: आभार, तेच टप्प्याचं वाक्य, वहीत लिहिलेल्या प्रश्नांची उत्तरं, गुरुवार-शुक्रवारच्या वेळा आणि डेकची पीडीएफ. हा मेल गुंतवणूकदाराच्या, तुला न भेटलेल्या भागीदारांकडेही पुढे पाठवला जाईल असं धरून लिही.

तेरावी स्लाइड नव्याने करून रविवारपर्यंत पाठव. सोबत शेवटच्या मिनिटाचं फोनवरचं ध्वनिमुद्रण हवं, घरच्या घरी केलेलं चालेल. क्रियापदं ऐकू येतात का, ते आधी बघू.

तुझी,
मार्गदर्शक