शाईची फांदी आणि पसरणारी पाकळी

प्रश्न : चिनी पद्धतीने शाईत फुललेली फांदी काढते आहे. शुआन कागदावर पाकळ्यांचा गोळा होतो आणि फांदी काठीसारखी दिसते. काय चुकतं? – वाचक, परभणी

उत्तर : तुमचा शुआन बहुधा कच्चा असावा, म्हणजे तुरटी-सरसाचा हात न दिलेला. तो टीपकागदासारखी शाई ओढतो, त्यामुळे ब्रशमध्ये पाणी बेतानंच हवं. ब्रश पाण्यात भिजवून निथळा, पोटात फिकी शाई घ्या, मग टोक तेवढं पाव इंच गडद शाईत बुडवा. शेवटी केसांचं मूळ सुती फडक्याला टेकवा. जादा पाणी तिथेच लपलेलं असतं. कपट्यावर ठिपका देऊन पाहा. हरभऱ्याएवढा ठिपका बोराएवढा झाला तर पुन्हा टिपा. कागदाखाली घोंगडी अंथरा. नुसत्या टेबलावर झिरपलेली शाई साचून डाग पडतो.

जुनं खोड ब्रश आडवा धरून, कोरडसर शाईने, थांबत-थांबत ढकला. मध्ये राहिलेला पांढरा कागद म्हणजेच साल. तो भरू नका. कोवळी डहाळी मात्र ब्रश उभा धरून एका दमात. फुलं येणार तिथे फांदीची रेघ आधीच तोडून ठेवा, कारण काळ्या शाईवर फिकी पाकळी बसत नाही. बहुतेकांचं चित्र इथेच फसतं. दोन फांद्या अधिकच्या चिन्हासारख्या छेदल्या तरी चित्र मरतं.

सुरुवातीला पाकळीची नुसती कड काढा. मेइच्या, म्हणजे चिनी प्लमच्या, फुलाची ही रीत बाराव्या शतकातल्या यांग वूजिऊ या चिनी चित्रकाराच्या नावाशी जोडली जाते. टेकणीची पाकळी, म्हणजे कड न काढता ब्रश टेकवून उमटवलेली, काढलीत, तर केसर ती अर्धी सुकल्यावरच घाला. ओल्यात पसरतात, पूर्ण सुकल्यावर चिकटवल्यासारखे दिसतात. मे महिन्यात कूलरसमोर ही संधी मिनिटभरही टिकत नाही. पंखा बंद करून सकाळीच बसा.

मेइ आपल्याकडे नसली तरी पाहून काढायला काटेसावर आहे. तीही निष्पर्ण फांदीवर फुलते, पाकळ्या पाचच. फक्त तिच्या जाड पाकळीला कड नको, एकच भरीव टेकणी द्या, आणि केसरांचा दाट झुबका काढा.

प्रश्न : बाटलीतली शाई चालेल का? – वाचक, नांदेड

उत्तर : सरावाला चालेल. लाखेची वॉटरप्रूफ शाई तेवढी टाळा, ब्रशचे केस कायमचे चिकटतात. शाईची कांडी असेल तर दगडावर चमचाभर पाणी घेऊन, चंदन उगाळतो तशी हलक्या हाताने गोल उगाळा. बोअरचं जड पाणी नको. त्यात काजळीचे कण एकत्र येऊन शाई फुटते. उरलेली शाई दुसऱ्या दिवशी वापरू नका, तिच्यातला सरस बिघडतो.