वाचकांचे प्रश्न : लोवेलमध्ये कंबोडियन किती?

प्रश्न : मॅसॅच्युसेट्समधलं लोवेल शहर कंबोडियन वस्तीसाठी ओळखलं जातं. पण अमेरिकी जनगणना खात्याच्या दोन तक्त्यांत त्यांचे आकडे जुळत नाहीत. खरा कुठला?

उत्तर : दोन्ही. बी०५००६ हा तक्ता फक्त परदेशात जन्मलेल्यांचा. कंबोडियातल्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीतून (१९७५-७९) वाचलेली कुटुंबं लोवेलला आली ती मुख्यतः अमेरिकेच्या १९८० च्या निर्वासित कायद्यानंतर. त्यांची लोवेलमध्ये जन्मलेली मुलं या तक्त्यात येतच नाहीत. थायलंडमधल्या निर्वासित छावणीत जन्मलेलं कंबोडियन मूल 'थायलंड'खाली जातं.

दुसऱ्या तक्त्यात, बी०२०१८ मध्ये, ज्याने-त्याने स्वतः सांगितलेली आशियाई वांशिक ओळख असते, मिश्र ओळखसुद्धा. वस्तीचा आकार हवा असेल तर हाच घ्या. मात्र चिनी वंशाची काही कंबोडियन कुटुंबं नुसतं 'चिनी' लिहितात, म्हणजे आकडा थोडा कमीच पडणार. बी०४००६ या पूर्वजांच्या मूळ देशाच्या तक्त्याच्या नादी लागू नका. त्यात आयरिश, ग्रीक, फ्रेंच-कॅनेडियन मिळतात, आशियाई गट नाहीत.

हे सगळे आकडे नमुना पाहणीचे, म्हणजे काही घरांनाच विचारून काढलेले, म्हणून शेजारी छापलेली चूकमर्यादा (आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो ते) वाचल्याशिवाय वाढ-घट ठरवू नका. पाच-पाच वर्षांचे संच एकमेकांवर चढलेले नकोत : २०१०-१४ ची तुलना २०१५-१९ शी चालते, २०१२-१६ शी नाही.

प्रश्न : गिरण्यांच्या काळातलं एखादं फ्रेंच-कॅनेडियन कुटुंब कसं शोधायचं?

उत्तर : जनगणनेच्या नावनिशीवार याद्या ७२ वर्षांनी खुल्या होतात, सध्या १९५० पर्यंतच्या पाहता येतात. सुरुवात १९०० पासून करा, कारण त्या तक्त्यात देशात आल्याचं वर्ष आणि नागरिकत्वाची स्थिती आहे : 'एनए' म्हणजे नागरिक, 'पीए' म्हणजे नागरिकत्वाचा पहिला अर्ज केलेला, 'एएल' म्हणजे परका.

खरी अडचण १८९० ची. त्या याद्या १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळ्या गेल्या, आणि नेमक्या १८९० च्याच सुमारास कॅनडातल्या फ्रेंचभाषी क्वेबेकहून माणसं लोवेलच्या कापडगिरण्यांत येत होती. ही फट शहराच्या वार्षिक निर्देशिकांनी (रहिवाशांची नावं-पत्ते छापणारी पुस्तकं) आणि चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींनी भरावी लागते. निर्देशिकेत लहान मुलं नसतात, विवाहित स्त्रियाही बहुधा नाहीत.

नाव सापडत नसेल तर आडनाव सोडा. 'लब्लां'चा (फ्रेंचमध्ये 'पांढरा') इंग्रजीत 'व्हाइट' झालेला असू शकतो. मुलांची नावं, वयं आणि जन्मस्थानं यांचा क्रम जुळवून पाहा. आणि बायकोचा नागरिकत्वाचा स्वतंत्र कागद मिळत नाही म्हणून हात टेकू नका : १९२२ पर्यंत तिचं नागरिकत्व नवऱ्यामागून जात असे, कागद त्याच्याच नावावर असतो.