इंटरनेटच नाही, तर हॅकर येणार कुठून?

प्रश्न : मी वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. आमची स्काडा (उपकेंद्र दुरून बघायची-चालवायची संगणक-यंत्रणा) इंटरनेटला जोडलेलीच नाही. तरी वरिष्ठ सायबर सुरक्षेच्या प्रशिक्षणाला पाठवतात. याची खरंच गरज आहे का?

उत्तर : आधी पॅनेलच्या मागे जा आणि एकेक केबल कुठे पोचते ते बघा. रिले (बिघाड दिसताच वीज तोडायला सांगणारं उपकरण) तपासायला मी बऱ्याच उपकेंद्रांत जातो. 'आमचं काही जोडलेलं नाही' म्हणणाऱ्यांकडेच कधी पुरवठादारानं दुरुस्तीसाठी लावून तसाच ठेवलेला मॉडेम सापडतो, कधी ऑफिसच्या नेटवर्ककडे गेलेली वायर. आणि माझा लॅपटॉप? काल दुसऱ्याच्या रिलेला लागलेला, आज तुमच्या. तो तपासल्याशिवाय आत घेऊ नका. मला राग येणार नाही.

२३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमधल्या तीन वितरण कंपन्यांचा पुरवठा असाच तोडला गेला. सुरुवात काही महिने आधी, ऑफिसातल्या ई-मेलला जोडलेल्या फाइलपासून. तिथून पासवर्ड चोरले, मग व्हीपीएनवरून (दुरून आतल्या नेटवर्कमध्ये शिरायची जोडणी) कंट्रोल रूम गाठली. ऑपरेटर बघत राहिले आणि पडद्यावरचा माउस आपोआप फिरून ब्रेकर उघडत, म्हणजे वीज तोडत गेला. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. जाता जाता हल्लेखोरांनी उपकेंद्रांतल्या संपर्क-उपकरणांचं फर्मवेअरही (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बिघडवलं, म्हणजे दुरून ब्रेकर लावायची सोय संपली. तरी काही तासांत वीज आली, कारण माणसं उपकेंद्रांत पोचली आणि त्यांनी हातानं ब्रेकर लावले. पुढच्याच वर्षी कीव्हजवळच्या एका उपकेंद्रावर आलेल्या मालवेअरला तर माउसही लागला नाही. ते थेट आयईसी १०४ सारख्या प्रोटोकॉलमधून (कंट्रोल रूम आणि उपकेंद्र ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात ती) हुकूम सोडत होतं.

नेहमीच्या १०४ मध्ये हुकूम कुणी दिला हे तपासायची सोयच नाही. मास्टर (हुकूम देणारा) म्हणून जो जोडला जाईल त्याचं आरटीयू, म्हणजे उपकेंद्रातलं हुकूम घेणारं उपकरण, ऐकतं. सगळं एन्क्रिप्ट करा म्हणणं सोपं आहे. पण गूज या रिलेंमधल्या झटपट संदेश-पद्धतीतला ट्रिप ('वीज तोडा') संदेश चारेक मिलिसेकंदांत पोचायला हवा, तिथे प्रत्येक जादा प्रक्रिया महागात पडते. म्हणून मी आधी वाटा मोजतो : कोण, कुठून, कधी आत येऊ शकतो. नको ती वाट बंद, आणि दुरुस्तीची जोडणी काम संपताच काढलेली.

प्रशिक्षणाला जा. तिथे नुसत्या पासवर्डच्या स्लाइड दाखवल्या, तर हात वर करून विचारा : स्काडा बंद, फोनही लागत नाही, अशा वेळी स्विच लोकलवर (जागेवरूनच चालवायच्या स्थितीत) टाकून कोणता फीडर (वीज पुढे नेणारी लाइन) आधी लावायचा आणि तो हुकूम मला कोण देणार?