लहान बाळाच्या हृदयाच्या ऑपरेशनमध्ये कपाळावर लावतात तो मेंदूचा सेन्सर कितपत विश्वासार्ह असतो?

तुमच्या तीन महिन्यांच्या मुलीचं ऑपरेशन आहे आणि त्या सेन्सरवर किती भरवसा ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय. मी पर्फ्युजनिस्ट आहे, ऑपरेशनमध्ये हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन (आम्ही त्याला पंप म्हणतो) चालवतो. अकरा वर्षं त्या सेन्सरच्या आकड्याकडे डोळे लावून बसतोय.

सेन्सर निअर-इन्फ्रारेड प्रकाश कपाळातून आत सोडतो आणि परत आलेल्या प्रकाशावरून तिथल्या रक्तात ऑक्सिजन किती उरलाय याचा अंदाज बांधतो. अंदाजच. त्या रक्तात शिरांमधलं रक्त साधारण ७० ते ७५ टक्के धरून हिशेब होतो, आणि प्रत्येक बाळात प्रमाण तेवढंच असतं असं नाही. दोन कंपन्यांची यंत्रं एकाच बाळाचे वेगळे आकडे दाखवू शकतात. निळसर बाळांचा, म्हणजे ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो त्यांचा, आकडा तर मुळातच कमी. म्हणून आम्ही त्या बाळाचा स्वतःचा सुरुवातीचा आकडा धरतो. त्यापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी उतरला की सगळे कारण शोधायला लागतात.

इथे तो खरंच उपयोगी पडतो. एकदा पंपावर गेल्यागेल्या एका बाळाचा आकडा भराभर उतरला. रक्तदाब बरा होता, पंपाचा फ्लोही पूर्ण होता. डोक्याकडचं रक्त परत आणणारी नळी शिरेत अडली होती. सर्जननी ती जराशी मागे घेतली आणि आकडा वर आला. सेन्सर नसता तर हे आम्हाला फार उशिरा कळलं असतं.

पण त्याला दिसतो तो कपाळामागचा थोडासा भाग. मेंदूच्या मागच्या बाजूला बारीक गुठळी गेली तर आकडा हलणारही नाही. फिट त्याला कळत नाही, त्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, लागतो. बॉस्टनमध्ये १९८८ ते १९९२ दरम्यान १७१ बाळांचा अभ्यास झाला. त्यात ऑपरेशननंतर बाहेरून दिसल्या त्याहून कितीतरी जास्त फिट ईईजीवर सापडल्या. ईईजीलाही मर्यादा आहेच: ऑपरेशनमध्ये बाळाला १८ अंशांपर्यंत गार केलं की त्याची रेषा बहुतेकदा सपाट होते.

भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी जरूर विचारा: सेन्सर कपाळाच्या दोन्ही बाजूंना लावणार का, आणि आयसीयूत तो पहिली रात्रभर राहील का. ऑपरेशननंतर सहा ते बारा तासांनी हृदयाचा जोर पुन्हा कमी होऊ शकतो, तेव्हाही कुणीतरी त्या आकड्याकडे बघायला हवं.